जावात साफसफाईचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मित्रास

पुणे, रविवार

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. सर्व्हरवरच्या जुन्या फाइली साफ करणारा तुझा प्रोग्रॅम रेंगाळतो, म्हणून सगळे तुला जावा सोडून सी भाषेत लिहायला सांगतायत. एवढ्यात ऐकू नकोस त्यांचं. फाइल उडवतो तो कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), जावा फक्त निरोप देते. मीही एकदा आठ थ्रेड (प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे धागे) लावून बघितले, वेळ जवळपास तेवढाच लागला. लिनक्समध्ये एखादी फाइल काढताना तिच्या फोल्डरलाच लॉक लागतो, त्यामुळे एकाच फोल्डरवर आठही थ्रेड रांगेत उभे राहतात.

वेळ जातो तो विचारपूस करण्यात. हा फोल्डर आहे का, तारीख काय, साइझ किती, असं वेगवेगळं विचारलंस की प्रत्येक वेळी कर्नलकडे हेलपाटा. 2011 साली जावा 7 मध्ये वॉकफाइलट्री हे फोल्डरांतून फिरणारं फंक्शन आलं. त्यात फाइलीसोबतच ही सगळी माहिती एकदम हातात येते. आणि फोल्डरातल्या फाइलींची यादी देणारं जुनं लिस्टफाइल्स काढूनच टाक. ते सगळी यादी आधी मेमरीत भरतं. माझ्याकडे एका फोल्डरात वीस लाख फाइली होत्या आणि हीप (जावा प्रोग्रॅमला दिलेली मेमरी) 256 एमबी. एकही फाइल न उडता प्रोग्रॅम कोसळला.

पण वेगापेक्षा मला तुझी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. माझ्या आधीच्या नोकरीत टेम्प फोल्डरात कुणीतरी एक सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारी शॉर्टकटसारखी लिंक) करून ठेवली होती, थेट स्कॅन केलेल्या कागदपत्रांच्या फोल्डरकडे. माझ्या कोडने इजडिरेक्टरी, म्हणजे 'हा फोल्डर आहे का', असं विचारलं, उत्तर आलं 'हो', आणि तो त्या लिंकमधून आत शिरला. सकाळी लॉग उघडला तर ओळीमागून ओळ कागदपत्रांची नावं. पोटात गोळा आला रे. बॅकअप होता म्हणून निभावलं. वॉकफाइलट्री आपणहून सिमलिंकच्या आत जात नाही. तेवढ्या एका कारणासाठीसुद्धा ते वापर.

फाइल उडवायचं जुनं फाइल.डिलीट जमलं नाही तर नुसतं 'फॉल्स' म्हणून गप्प बसतं. नवं फाइल्स.डिलीट निदान कारण सांगतं: फाइल नव्हतीच, परवानगी नाही, की फोल्डर रिकामा नाही.

तू लिहिलंस की 40 जीबीचा लॉग उडवला तरी डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) डिस्क भरलेलीच दाखवतं. कुठल्यातरी प्रोसेसने तो अजून उघडा धरलाय. नाव गेलं, पण ती प्रोसेस सोडत नाही तोवर जागा मोकळी होणार नाही, मग प्रोग्रॅम जावात असो की सीत. एलएसओएफ (कुठल्या प्रोसेसने कुठली फाइल उघडलीय ते दाखवणारी कमांड) चालव, ज्या ओळीपुढे 'डिलीटेड' दिसेल ती प्रोसेस रीस्टार्ट कर.

शुक्रवारी रात्री क्रॉन (ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारी सोय) लावणार म्हणालास. त्याआधी कोड मला पाठव, आणि पहिले दोन दिवस काहीही न उडवता नुसती नावं छापू दे. ती यादी आपण फोनवर बसून एकत्र वाचू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अनिकेत