शिरांचे मोजे मापाने द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परभणीत काय आणि लातुरात काय, हल्ली बऱ्याच मेडिकलवर 'व्हेरिकोजचे मोजे', म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरांसाठीचे घट्ट मोजे, टांगलेले असतात. कंडक्टर, सलूनवाले, शिक्षिका, बंदोबस्तावरचे पोलीस अशा दिवसभर उभे राहणाऱ्यांच्या पोटऱ्या संध्याकाळी भरून येतात. मग शेजाऱ्याने सांगितले म्हणून एक जोड घेतला जातो. परवा माझ्यासमोर दुकानातल्या पोराने एका गृहस्थांना विचारले, "काका, बुटाचा नंबर किती?" आठ म्हटल्यावर त्याने 'लार्ज'चा डबा काढून दिला!

या मोज्यांचा बुटाच्या नंबराशी संबंध नाही. घोट्याच्या वर पाय सर्वांत बारीक असतो तिथला घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची उंची, एवढे टेपने मोजावे लागते. तेही सकाळी, सूज येण्याआधी. कारण सगळी करामत दाबाच्या उतरंडीत आहे. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू शिरा दाबून रक्त वर ढकलतात आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. झडपा सैल पडल्या की रक्त साचते, शिरा फुगून वेटोळी दिसू लागतात. मोजा घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर सैल होत जातो, त्यामुळे रक्ताला वरची वाट सोपी होते. सैल मोजा नुसता शोभेचा. वरची कड दुमडून गुडघ्याखाली वळी पडली तर तीच पाय आवळते.

सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग करता करता माझी नोकरी सरली. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी आधी काळपट पडते, खाजते, मग जखम होते आणि भरता भरत नाही. तोवर माणूस हळद लावत बसलेला असतो. अशांना योग्य दाबाचा मोजा किंवा पट्टी खरोखर उपयोगी पडते, पण मोज्याने फुगलेली शीर बरी होत नाही, हेही सांगायला हवे.

काळजी वाटते ती मधुमेही आणि बिडी-तंबाखूवाल्यांची. त्यांच्या पायाच्या धमन्याच अरुंद झालेल्या असू शकतात. पाय गार पडतो, चालताना पोटरीत गोळा येतो, थांबले की जातो. अशा पायावर घट्ट मोजा चढवला तर उरलासुरला पुरवठाही कमी होतो. पावलाच्या वरची नाडी पाहायला आधी दोन बोटे पुरतात, शंका आली तर डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी, आहेच. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर मोजा नव्हे, तातडीने डॉक्टर गाठावा. रक्ताची गुठळी असू शकते.

आमच्याकडच्या मे महिन्यात मोजे नकोसे होतात, हे मान्य. तरी उभ्याचे काम असेल तेवढा वेळ तरी घालावेत. सकाळी अंथरुणातच चढवावेत, रात्री काढावेत. साधारण सहा महिन्यांत ताण जातो, मग नवे घ्यावेत.

औषध विक्रेत्यांनी काउंटरवर एक टेप ठेवावा आणि २०-३० मिमी पारा (mmHg) दाबाचे मोजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, एवढीच विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, परभणी