पडत्या भावात सरकार कुठे होते?

महोदय,

केंद्र सरकारने 23 ऑक्टोबर 2020 रोजी कांद्यावर साठामर्यादा लादली. घाऊक व्यापाऱ्याला 25 टन, किरकोळ विक्रेत्याला 2 टन. लासलगाव-पिंपळगावच्या व्यापाऱ्याच्या खळ्यावर 25 टन म्हणजे जेमतेम एक मोठा ट्रक. माल निवडून, गोण्या भरून गाडी लागेपर्यंतच मर्यादा ओलांडली जाते. व्यापाऱ्यांनी सोमवारपासून बोली लावणेच बंद केले. ग्राहकाच्या नावाने काढलेल्या आदेशाने बाजारात येणारा कांदाच अडवला.

एप्रिल-मेमध्ये टाळेबंदीमुळे हॉटेले बंद, बाजार समित्या कधी चालू कधी बंद, भाव मातीमोल. तेव्हा आम्ही उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरला. पावसाळी दमट हवेने तो सडू लागला. चाळ फोडली की उग्र वास, खाली पाणी सुटलेले, कोंब फुटलेले. मजूर लावून एकेक कांदा हाताने निवडायचा. जो वाचला, त्याला सडलेल्याचा खर्च भरून निघेल असा भाव कुठे दिसू लागला, तोच 14 सप्टेंबरला निर्यातबंदी आली. बांगलादेशच्या सीमेवर ट्रक अडकून पडले. हे गिऱ्हाईक मिळवायला वर्षे लागली आहेत.

दुसऱ्याच दिवशी लोकसभेने, ज्याच्या आधारे सरकार साठामर्यादा लावते त्या जीवनावश्यक वस्तू कायद्यातील दुरुस्ती मंजूर केली. कांदा त्यातून मोकळा झाला, असे आम्हाला सांगण्यात आले. पण त्यात पळवाट ठेवली आहे: गेल्या 12 महिन्यांतील किंवा 5 वर्षांच्या सरासरीतील जो किरकोळ भाव कमी असेल, त्याच्या दुप्पट भाव झाला की साठामर्यादा लावता येते. ज्या वर्षांत आम्ही कांदा रस्त्यावर ओतला, तीही त्या सरासरीत येतात! अशा कायद्याच्या भरवशावर शीतगृहात पैसा कोण घालणार?

भाव चढतो तेव्हा चाळीतला माल बाहेर निघतो आणि पुढची लागवड वाढते. यंदा पावसाने रोपे गेली, बियाणे कडाडले आहे. या घडीला भाव पाडला तर रब्बीची लागवड घटेल आणि पुढच्या वर्षी ग्राहकालाच जास्त पैसे मोजावे लागतील. गरिबाला कांदा स्वस्त मिळावा, हे मलाही मान्य आहे. मग सरकारने तो बाजारभावाने विकत घेऊन रेशनवर द्यावा. तो खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी का?

निर्यातबंदी आणि साठामर्यादा दोन्ही ताबडतोब उठवाव्यात आणि कायद्यातील दुप्पट भावाची ती अट काढून टाकावी.

– एक कांदा उत्पादक, ता. निफाड, जि. नाशिक
27 ऑक्टोबर 2020