दादाचं पूर्ण नाव कळव

करी रोड, मुंबई
15 एप्रिल

प्रिय बंड्या,

काल भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात जाऊन आलो. दरवर्षी 14 एप्रिलला तिथं स्मारकावर पुष्पचक्र वाहतात, सलामी देतात. इतकी वर्षं त्याच रस्त्यानं गेलो, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. यंदा मुद्दाम गेलो.

1944 सालचा गोदीतला स्फोट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज उभं होतं, पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा. दुपारी धूर दिसला आणि बंबवाले पाण्याचे पाइप घेऊन जहाजावर चढले. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. दलाचे 66 जण गेले. हा आकडा तिथल्या जवानांना तोंडपाठ आहे, नवीन भरती झालेल्या पोरालाही. पण त्या दिवशी गोदीत गाठी वाहणारे हमाल, मजूर होते, त्यांचं काय? शेकड्यांनी माणसं मेली, कुणी सातशे सांगतं, कुणी त्याहून जास्त. दलाची माणसं पटावर होती म्हणून मोजता आली. रोजंदारीवरच्यांना पटच नव्हता.

सलामी चालू असताना हेच डोक्यात होतं आणि मला तुझा दादा आठवला.

तुला दुखवायला लिहीत नाही रे. आपण त्याच्याबद्दल बोलणंच टाकून दिलंय. त्याचं मला वाईट वाटतं. दादा परांचीवरून पडला तेव्हा कमरेला पट्टा होता, पण पट्ट्याचा हुक अडकवायला वर दोर बांधलेलाच नव्हता. मग आपण दोघं ठेकेदाराच्या ऑफिसात गेलो, मुकादमानं हजेरीपट पुढं सरकवला. दादाच्या ओळीत आदल्या दिवसापर्यंतच्या खुणा होत्या आणि त्या दिवशीचा रकाना कोरा. 'कामावर नव्हताच तो.' तो कोरा चौकोन मला अजून दिसतो. ठेकेदारानं हात वर केले तरी मूळ मालकाला भरपाई चुकत नाही, असं 1923 च्या कामगार भरपाईच्या कायद्यातच होतं. हे आपल्याला तेव्हा कुणी सांगितलं नाही. वहिनीच्या हातावर जे टेकवलं ते घेऊन आपण गप्प परत आलो.

आमच्या आबांचा डोळा तुला आठवत असेल. गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, आडवं सूत नेणारा धोटा उडाला आणि डावा डोळा गेला. रात्री ते काचेचा डोळा काढून पितळेच्या वाटीत ठेवायचे, पाण्यात. आम्ही पोरं त्या वाटीला हात लावत नसू. कायद्याच्या परिशिष्टात शरीराच्या एकेका भागापुढं कमाईची ताकद किती घटली ते लिहिलेलं असायचं. अंगठ्यासाठी 30 टक्के. एक डोळा गेला आणि दुसरा धड असला तर 40. आबा ते 40 टक्के कधी विसरले नाहीत.

पण त्यांनी एक गोष्ट अभिमानानं सांगितली होती. नवीन बदली कामगार खात्यात आला की जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, त्याला त्या साच्यापाशी नेऊन उभा करायचा आणि आबांचं नाव घेऊन सांगायचा, यांचा डोळा इथं गेला, धोट्याच्या रेषेत तोंड आणू नकोस. मला विचारशील तर मोठमोठ्या भाषणांपेक्षा हा मान खरा. माणसाचं नाव घ्यायचं, जागा दाखवायची आणि नेमकं काय चुकलं ते पुढच्याला सांगायचं. मग पुढच्याचा डोळा वाचतो.

दादाच्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही. तो पडला त्या टॉवरच्या फाटकातून मी आठवड्यातून दोनदा जातो. खाली गाड्या, वर कुंड्या. गिरणीचीच जमीन ती. तिथं राहणाऱ्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही की ही इमारत बांधताना एक माणूस गेला.

म्हणून मी मागच्या आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटलो. वयस्कर गृहस्थ आहेत, सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, फाटकाच्या आतल्या भिंतीवर छोटी पाटी लावू. 28 एप्रिलला, सकाळी नऊला. कामावर मेलेल्या, जखमी झालेल्या कामगारांची आठवण त्या दिवशी जगभर करतात, म्हणून तीच तारीख मागून घेतली. शेजारच्या प्लॉटवर काम चालू आहे, तिथल्या मजुरांनाही बोलवायचं ठरलंय. दोर कुठं नव्हता ते त्यांच्यासमोर तू सांगावंस, असं मला फार वाटतं. तुला जमणार नसेल तर मी सांगेन.

वहिनीला मीच फोन करणार होतो, पण धीर झाला नाही. तू बोल तिच्याशी. येणार असलात तर आदल्या रात्रीच या, आमच्याकडेच उतरा.

आणि पाटीवाल्यानं लालबागेत मला विचारलं, नाव काय लिहू, तेव्हा मी नुसता उभा राहिलो. आयुष्यभर त्याला दादाच म्हणत आलो. वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, शाळेच्या दाखल्यावर आहे तसं, कागदावर लिहून त्याचा फोटो पाठव. काना-मात्रा नीट बघ. शनिवारपर्यंत द्यायचंय.

तुझा,
बाळ्या