‘झेपेल तेवढं चाला’ म्हणजे किती?

महोदय,

हृदयात स्टेंट बसवून घरी आले तेव्हा हातातल्या कागदावर सात गोळ्या होत्या. प्रत्येकीपुढे किती मिलिग्रॅम, दिवसातून कितीदा, जेवणाआधी की नंतर, सगळं नीट लिहिलेलं. व्यायामाबद्दल मात्र तीनच शब्द : ‘झेपेल तेवढं चाला’. माझं वय ६७, मधुमेह बारा वर्षांचा. जन्मभर गणित शिकवलं, पण ‘झेपेल तेवढं’ म्हणजे किती, हे काही सुटेना.

शेवटी मनगटावरच्या घड्याळाचं ऐकलं. त्याच्या हिशेबात नाडीची कमाल २२० वजा वय, म्हणजे माझी १५३, आणि त्याचे ८५ टक्के १३०. घड्याळ १३० मागत होतं आणि माझी नाडी शंभराच्या पुढे सरकत नव्हती. मला वाटलं मीच कमी पडतेय, म्हणून रोज वेग वाढवत गेले. आठव्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि रस्त्याच्या कडेला बसावं लागलं.

कारण माझ्याच गोळ्यांत होतं. त्यांतली एक बीटा ब्लॉकर. ही गोळी नाडी फार वाढू देत नाही, हृदयाला जपण्यासाठीच ती असते. ती घेणाऱ्याला २२०चं सूत्र लागू पडत नाही. मुळात ते सूत्र सरासरीचं. गोळ्या न घेणाऱ्या निरोगी माणसातही ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याहून जास्त लागलं ते पुढेच. स्टेंटनंतर दोन महिन्यांनी माझी स्ट्रेस टेस्ट, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी, झाली होती, याच गोळ्या चालू असताना. ‘घाबरण्यासारखं काही नाही’ एवढं ऐकून रिपोर्ट फाइलमध्ये गेला. एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी तो उघडून माझ्यापुढे ठेवला. विश्रांतीत नाडी ६०, दमून थांबले तेव्हा ११२, क्षमता ६ मेट. म्हणजे स्वस्थ बसल्यावर शरीराला जेवढा प्राणवायू लागतो, त्याच्या सहापट मी वापरू शकत होते. सपाट रस्त्यावर साध्या चालीला साधारण तीनपट लागतो. ज्या नाडीची कमालच ११२, तिच्याकडून मी आठ दिवस १३० मागत होते! ताईंनी ११२ आणि ६० यांतलं अंतर काढलं, त्याचे ४० ते ६० टक्के ६० मध्ये मिळवले आणि कागदावर लिहिलं : ८० ते ९०. हा हिशेब सातवीच्या मुलालाही जमला असता. आकडे महिनोन् महिने माझ्याच कपाटात पडून होते.

मग त्यांनी ३० मीटरच्या बोळात मला सहा मिनिटं चालवलं. अंतर भरलं ३१२ मीटर. हात छातीशी धरून ३० सेकंदांत खुर्चीतून कितीदा उठता येतं तेही मोजलं. सातदा. माझ्या वयाच्या बाईला किमान अकरादा जमायला हवं. मला दम हृदयामुळे लागतो अशी माझी समजूत होती. मांड्यांत जोर उरला नव्हता हेही तेव्हाच कळलं.

आता माझ्या कागदावर व्यायामही गोळीसारखाच लिहिलेला आहे. आठवड्यातून पाच दिवस, दहा-दहा मिनिटं दोनदा, पुढे दर आठवड्याला दोन मिनिटं वाढ. बोलता यावं, गाता येऊ नये, इतकाच दम. तीन दिवस खुर्चीतून उठबस, श्वास न रोखता. साखर ९० च्या खाली असेल तर आधी थोडं खायचं. चालणं एकदम थांबवायचं नाही, वेग हळूहळू उतरवायचा. छातीत दाटलं तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. तीन महिन्यांत ३० सेकंदांतली उठबस सातवरून बारावर गेली.

‘या वयात आता कशाला?’ असं नातेवाईक काळजीपोटी विचारतात. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या माणसांनी आठ आठवडे पायांनी वजनं उचलली, आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मी तर सदुसष्टचीच आहे.

प्रत्येकाला ट्रेडमिलवर चढवा, असं माझं म्हणणं नाही. सहा मिनिटांच्या चालण्याला बोळ आणि घड्याळ पुरतं, उठबस मोजायला खुर्ची पुरते. डॉक्टरांना विनंती एवढीच की, घरी सोडतानाच्या कागदावर गोळ्यांच्या खाली एक ओळ व्यायामाची असू द्या : किती दिवस, किती वेळ, किती दमेपर्यंत, कधी थांबायचं. आणि बीटा ब्लॉकर चालू असेल तर घड्याळातला नाडीचा आकडा पाळू नका, हे तोंडी तरी सांगा.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका