स्पार्क प्लग बदलल्यावर थंड गाडी बंद पडते तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर-जानेवारीत आमच्या निफाड तालुक्यात पारा सात-आठ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतो आणि द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून बागांमधून पहाटे शेकोट्या पेटतात. याच दिवसांत पेट्रोलच्या गाड्या सकाळी चालू होऊन लगेच बंद पडतात, अशी तक्रार ओळखीपाळखीत वरचेवर ऐकू येते. माणसे थंडीला दोष देतात, नाहीतर गॅरेजवाला सांगेल तो भाग मुकाट्याने बदलून घेतात. गेल्या हिवाळ्यात मीही तेच केले. त्यात पैसे तर गेलेच, पण एका पहाटे जिवावर बेतण्याची वेळ आली, म्हणून हे पत्र.

माझी गाडी बारा वर्षांची, चार सिलिंडरची. नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये तिचे चारही स्पार्क प्लग, म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडणारे भाग, बदलले. संध्याकाळी गाडी ताब्यात घेतली तेव्हा इंजिन गरम होते आणि ती उत्तम चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मात्र चावी फिरवताच इंजिन सुरू झाले, आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा पंधराशेपर्यंत गेला, मग घसरत घसरत सहाशेच्या खाली आला, स्टिअरिंग थरथरू लागले आणि गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा तसेच, तिसऱ्यांदाही तसेच. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून चार-पाच मिनिटे इंजिन तापवले की मग दिवसभर काडीची तक्रार नसे. गॅरेजपर्यंत पोहोचेस्तोवर गाडी तापलेली असल्यामुळे तिथल्या कुणालाही दोष दिसत नसे, आणि दोष न पाहताच त्यांचे उपाय सुरू झाले. आधी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, साफ केली, मग फ्युएल पंप नवा बसवला, आणि तरीही फरक पडेना तेव्हा इंजिनाचा कॉम्प्युटरच बदलावा लागेल असे सांगण्यात आले. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते, त्यामुळे असे होणारच, हेही ऐकवले गेले. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, त्यामुळे थंड इंजिन सुरू व्हायला ते थोडे जड जाते, हे खरे आहे. पण प्लग बदलण्याच्या आदल्या आठवड्यात, त्याच पंपावरचे पेट्रोल घालून, तितक्याच थंडीत हीच गाडी एकदाही बंद पडली नव्हती.

मधल्या काळात एकदा धुक्यात मुंबई-आग्रा महामार्गाला लागताना, इंजिन पुरते तापलेले नसताना, गाडी वळणावर बंद पडली. इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत एक-दोनदा पेडल दाबेपर्यंतच पुरते, मग पेडल दगडासारखे होते, आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. मागून येणाऱ्या ट्रकचे दिवे आरशात मोठे होत असताना दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढून गाडी कशीबशी कडेला घेतली. ‘थंड असताना जरा बंद पडते’ हे वाक्य गॅरेजमध्ये ज्या सहजपणे घेतले जाते, ते त्यानंतर मला सहन होत नाही.

शेवटी एका वयस्कर फिटरकडे गेलो. पत्र्याची शेड आणि दोन मुले हाताखाली, एवढाच त्यांचा पसारा. त्यांनी पहिल्यांदा विचारले, ते हे : दोष कोणत्या दिवसापासून आहे आणि त्या दिवशी गाडीवर नेमके काय काम झाले? मग गाडी रात्रभर शेडमध्येच ठेवायला सांगितली, कारण थंडीतला दोष थंड इंजिनावरच पाहायचा असतो. सकाळी इंजिन सुरू करण्याआधीच त्यांनी चारही प्लग काढले आणि एकेकाच्या टोकाशी ठिणगी पडते त्या फटीत फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती सरकवली. तीन प्लगांची फट १.१ मिलिमीटर, म्हणजे या गाडीला हवी तेवढी, होती. चौथ्याची जेमतेम ०.६ भरली. बसवताना प्लग हातातून निसटून तो बसतो त्या खोल खळग्यात आपटला की बाहेरचा दांडा दबतो आणि फट बुजत जाते. लहान फटीतली ठिणगीही लहान असते. गरम इंजिनात ती निभावून नेते, पण थंड, अर्धवट वाफ झालेले पेट्रोल पेटवताना चुकते. त्यांनी फट नीट करून प्लग परत बसवले, हाताने पूर्ण फिरवून घेतल्यावरच पाना लावला. थरथर कमी झाली, पण गाडी तरीही बंद पडली.

इथे दुसरा कुणी पुढच्या भागाकडे वळला असता. ते मात्र प्लगपाशीच थांबले आणि प्लगपर्यंत पोहोचण्यासाठी आधी काय काय बाजूला करावे लागते, ते एकेक पाहू लागले. एअर फिल्टरचा डबा, प्लगला वीज देणाऱ्या कॉइलची जोडणी, आणि टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या वरच्या झाकणावरून) मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांकडे, जाणारा एक बोटाएवढा रबरी पाइप. त्यांनी नळीचा एक तुकडा कानाला लावला, दुसरे टोक त्या पाइपाभोवती फिरवले आणि मलाही ऐकायला दिले. सूं असा बारीक, सलग आवाज येत होता. पाइप काढून त्यांनी तो अंगठ्याने वाकवला, तेव्हा खालच्या, वरून न दिसणाऱ्या बाजूला दोन सेंटिमीटरची चीर तोंड उघडून समोर आली. बारा वर्षे तापून कडक झालेले ते रबर प्लग बदलताना घाईने बाजूला ओढले गेले होते. नवा पाइप १८० रुपयांना मिळाला.

चिरेतून हवा जात असताना गरम गाडी ठीक का चालावी, हे मला तोवर उमगत नव्हते. माझ्या गाडीत आत जाणारी हवा एक सेन्सर मोजतो आणि त्यानुसार कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. सेन्सरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला असलेल्या चिरेतून शिरलेली हवा मात्र मोजलीच जात नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, काही पेट्रोल भिंतींनाच चिकटते, म्हणून नेमके तेव्हाच मिश्रण अधिक दाट लागते. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर सुमारे तीनशे अंश तापल्याशिवाय कामाला लागत नाही. तो जागा झाला की पेट्रोल कमी पडते आहे हे कॉम्प्युटरला कळते आणि तो ते वाढवून घेतो. म्हणजे गरम गाडीत दोष गेलेला नसतो, फक्त झाकलेला असतो. पाइप बदलण्याआधी फिटरनी इंजिन तापवून, कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणाऱ्या स्कॅनरवर हेच दाखवले होते : आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, कॉम्प्युटर वीस टक्के जादा पेट्रोल देत होता आणि आरपीएम अडीच हजारांवर नेताच तो आकडा पाचवर आला. बाहेरून हवा ओढली जात असल्याची ही ठळक खूण आहे. आधीच्या गॅरेजमध्येही स्कॅनर होता. पण इंजिनाचा दिवा लागलेला नाही म्हणून त्यांनी तो लावलाच नाही. हे आकडे दिवा लागण्याच्या बरेच आधी बोलू लागतात.

कुणा एका गॅरेजवर राग काढण्यासाठी हे लिहीत नाही. तिथली मुले कष्टाळू आहेत आणि दिवसाला किती गाड्या उरकायच्या, हे त्यांच्या हातात नसते. पण काम करताना काही बिघडले असेल तर ते शोधण्याचा खर्च ग्राहकाने का सोसावा? प्लग बदलले की कोणत्या क्रमांकाचे बसवले आणि फट किती ठेवली, हे जॉब कार्डावर लिहायला अर्धे मिनिट लागते. क्रमांकाला महत्त्व आहे, कारण दिसायला सारखे असलेले प्लग उष्णता वेगवेगळ्या गतीने बाहेर टाकतात, आणि गरजेपेक्षा थंड जातीचा, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, प्लग थंड इंजिनात काजळी धरतो. काढलेले भाग ग्राहकाला परत द्यावेत. बारा-पंधरा वर्षांच्या गाडीचे रबरी पाइप हलवले असतील तर ते तपासूनच बॉनेट बंद करावे. आणि कामानंतर नवा दोष आला, तर नवा भाग मागवण्याआधी केलेले काम पुन्हा उघडून पाहावे, ग्राहकाकडून त्याचे पैसे न घेता.

ग्राहकांनीही पक्के बिल मागावे. सेवेचे बिल नाकारणे ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. माझ्याकडे फ्युएल पंपाचे पक्के बिल नव्हते, जुना पंपही मी मागून घेतला नाही. तो खरोखर खराब होता का, हे आता कळण्याचा मार्ग उरलेला नाही.

ज्यांची गाडी प्लग बदलल्यापासून सकाळी अशी बंद पडते, त्यांनी ती आदल्या रात्रीच गॅरेजमध्ये ठेवावी आणि सकाळी ती थंड असताना स्वतः समोर उभे राहावे. महामार्गावर नेणे मात्र तोवर टाळावे.

आपला नियमित वाचक,
ता. निफाड, जि. नाशिक