ब्रेस बनवणाऱ्या दादांना, मनापासून

नमस्कार दादा,

जतहून येणाऱ्या सातवीतल्या मुलीची आई लिहितेय. तिचा पाठीचा कणा वाकडा होत चाललाय, म्हणून तो धरून ठेवायला अंगात घालायचं कडक प्लास्टिकचं कवच, म्हणजे ब्रेस, तुम्ही बनवून दिलात. तो घालून काढलेला एक्स-रे परवा डॉक्टरांनी दाखवला. कण्याचा ३१ डिग्रीचा बाक ब्रेसमध्ये १६ वर आलाय. तुमच्यासमोर बोलायला गेले की गळा भरून येतो, म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडपणे.

तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी काय काय ऐकलं! तिचा एक खांदा वर दिसत होता. पहिल्या ठिकाणी ‘दप्तर जड असेल, ताठ बसायला सांगा’ म्हणाले. दुसरीकडे कमरेला मऊ पट्टा मिळाला. तिसऱ्यानं मालिश करून कणा सरळ करायची हमी दिली, पैसे आधी घेऊन. गुडघे न वाकवता मुलीला पुढं वाकायला सांगायचं आणि पाठीमागून बघायचं, कणा वाकडा असेल तर बरगड्यांचा एका बाजूचा उंचवटा लगेच दिसतो. याला ना मशीन लागतं ना पैसा. तेवढं कुणी केलं नाही. बाक झपाट्यानं वाढतो तो नेमका उंची वाढायच्या वयात, आणि तेच महिने आमचे वाया गेले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी मात्र नीट समजावलं. हा दप्तराचा दोष नाही, बसण्याचा नाही, बहुतेक मुलांत कारण सापडतच नाही. कणा नुसता एका बाजूला झुकत नाही, मणके पिळवटतातही. ४५-५० डिग्रीच्या पुढं गेलं तर ऑपरेशनचा विचार, त्याआधी ब्रेस. २०१३ साली छापून आलेला अमेरिका-कॅनडातला अभ्यासही सांगितला: ब्रेसवाल्या १०० पैकी ७२ मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० च्या आत राहिला, ब्रेस नसलेल्यांत ४८ जणांचा. जितके जास्त तास घालाल तितका गुण.

पण ब्रेसमध्ये रोजचे १८ तास काढायचे होते माझ्या लेकीला, आणि ती तर बोलायचीच बंद झाली होती. जो तो तिच्याबद्दल आमच्याकडे बघून बोलायचा. ‘पुढं लग्नाचं अवघड जाईल’ असं एका शिकल्यासवरल्या माणसानं तिच्यादेखत म्हटलं.

पहिल्या फिटिंगला ते पांढरं प्लास्टिक अंगात घालून ती मान खाली घालून उभी होती. मी विचारलं, ‘काखेत घट्ट होतंय का हो?’ तुम्ही मला हातानंच थांबवलंत. खिशातलं मार्कर काढून तिच्या हातात दिलंत. ‘बाळा, ब्रेस तुझा आहे. टोचतं तिथं तूच खूण कर, मी घासून देतो.’

बराच वेळ ती मार्कर धरून उभी राहिली. मग काखेखाली एक रेघ मारली. तुम्ही आत जाऊन कड घासून आणलीत. मग मांडीजवळ दुसरी रेघ. ‘जेवायला खाली बसता का गं?’ असं विचारून तुम्ही तिला फरशीवर मांडी घालायला लावलीत आणि स्वतःही समोर बसलात. तिसऱ्या रेघेला मात्र नाही म्हणालात: ‘इथल्या पॅडनंच कणा ढकलला जातो, हा दाब कमी करणार नाही.’ तिनं ते ऐकलं, कारण तिच्या आधीच्या दोन रेघा तुम्ही मानल्या होत्या. बाहेर रांग असताना हे सगळं चाललं होतं.

आता आतल्या बनियनची सुरकुती ती स्वतः काढते, पट्टे स्वतः ओढते, तास वहीत लिहिते. मला हात लावू देत नाही.

दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांचं नाव असतं, ब्रेस करणाऱ्याचं नसतं. लेकरालाही मत असतं हे मानणारी माणसं मला आता ओळखू येतात. तिच्या पीटीच्या बाई तशा आहेत, ‘तुला काय जमेल ते तू सांग’ म्हणतात. अशा माणसांच्या जिवावर आमचं घर उभं राहिलं.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीचा खांदा मला तसाच वाटला. तिच्या आईसमोर तिला वाकवून बघितलं आणि डॉक्टरांची वेळ घेतली. ब्रेस लागलाच तर त्या तुमच्याकडे येतील. मुलगी फार लाजते, एवढं आधी सांगून ठेवते.

तुमची ऋणी,
एक आई, जत