तालुक्याच्या न्यायालयातला निकाल मराठीत हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या आईचा बांधावरून चाललेला दावा गेल्या वर्षी तालुक्याच्या न्यायालयात निकाली निघाला. दाव्याचा अर्ज मराठीत, समोरच्यांची कैफियत मराठीत, जोडलेले सातबारे आणि फेरफार मराठीत, आईची उलटतपासणीही मराठीतच झाली. निकालाची नक्कल मात्र हाती आली ती चौदा पानी आणि सबंध इंग्रजीत. त्यातला फक्त गट नंबर तिला वाचता आला.

वास्तविक कनिष्ठ न्यायालयांची भाषा ठरवण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३७ ने राज्य शासनाला दिला आहे आणि तो वापरून शासनाने १९९८ मध्येच जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. उच्च न्यायालयात इंग्रजी चालते ती संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे. तालुक्याला ती अडचण नाही.

‘कायदा ठाऊक नव्हता’ ही सबब न्यायालय ऐकत नाही, आणि ते रास्तच आहे. पण ज्याने कायदा पाळायचा त्याला तो कळावा, ही जबाबदारीही मग त्याच न्यायालयावर येते. आपण का हरलो हे पक्षकाराला स्वतः वाचता आले, तरच अपील करायचे की निकाल मान्य करून गप्प बसायचे, हे तो शांतपणे ठरवू शकतो. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलाला ३० दिवसांची मुदत असते. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात, पण नक्कल समजून घेण्यात गेलेले होत नाहीत. आमचे आठ दिवस वकीलसाहेबांना सवड मिळेपर्यंत तसेच गेले.

वरिष्ठ न्यायालयांचे दाखले इंग्रजीत असल्याने निकालही इंग्रजीत लिहिणे सोयीचे पडते, असे वकील मंडळी सांगतात. दाखले खुशाल इंग्रजीत द्यावेत, परंतु वाद काय होता, कोणता पुरावा मानला, कोणता का नाकारला आणि अखेरचा हुकूम काय, एवढे तरी मराठीत लिहावे. त्यासाठी नवे बोजड शब्द घडवण्याचीही गरज नाही, कारण हुकूमनामा, ताबा, वहिवाट, मनाई हे शब्द गावातल्या निरक्षर माणसालाही तोंडपाठ आहेत.

आईने ती चौदा पाने सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आहेत. निकालात काय आहे, असे कोणी विचारले की ती अजूनही माझ्याकडे बोट दाखवते.

आपला,
एक वाचक, जि. सोलापूर